जिगसॉ म्हणजे ग्रुप प्रोजेक्ट नव्हे हो!

मुक्ताफळे: "प्राध्यापकांनी वर्गात खेळ खेळायला लावले म्हणून कुणाचे पूर्वग्रह जात नसतात" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. रोख एलियट अ‍ॅरन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञावर आणि त्याच्या जिगसॉ नावाच्या शिकवायच्या पद्धतीवर होता. अहो, १९७१ चं अमेरिकेतलं ऑस्टिन शहर आहे, कोर्टाच्या आदेशाने गोरी, काळी, मेक्सिकन वंशाची पोरं पहिल्यांदाच एका वर्गात आणि काही आठवड्यांत मारामाऱ्या. हा माणूस वर्गात जाऊन बसला तर काय दिसलं, बाईंनी प्रश्न विचारला की सहासात हात वर, आणि ज्याला उठवलं त्याचं चुकावं म्हणून बाकीचे देव पाण्यात घालून. मग धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला, उरलेला धडा सोबत्याच्या तोंडूनच कळणार. हेच ते जिगसॉ. एक मुलगा इंग्रजीत अडखळायचा, पोरं खिदळली, तेव्हा त्यांना सांगितलं की हसा खुशाल, पण पत्रकार पुलित्झरच्या चरित्राचा तो भाग फक्त त्याच्याकडे आहे आणि परीक्षा आत्ता होईल. पोरं मुकाट प्रश्न विचारायला लागली. हा खेळ?

तिरकीट: छान. म्हणजे मार्कांसाठी गोड बोलली. परीक्षा संपली की येरे माझ्या मागल्या.

मुक्ताफळे: गोड बोलता बोलता ऐकायची सवय लागते हो. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने १९५४ लाच लिहून ठेवलंय, नुसतं शेजारी बसवून काही होत नाही, दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, वरच्यांचा पाठिंबा हवा.

रात्रपाळी: गट हा शब्द दिसला तरी माझं पित्त खवळतं. शेवटच्या वर्षी आमच्या गटात चौघं होतो, रिपोर्ट मी लिहिला, आकृत्या मी काढल्या, सबमिशनच्या आदल्या रात्री एक महाशय विचारतात विषय काय होता, आणि मार्क सगळ्यांना सारखे! वर सर म्हणतात टीमवर्क शिका. शिकले ना, ऐतखाऊंना पोसायला शिकले.

उगाचच: +१. आमच्यातला एक तर प्रेझेंटेशनला टाय घालून आला आणि सगळं श्रेय घेऊन गेला.

तिरकीट: टायवाले सगळीकडे असतात. आमच्याकडचा आता मॅनेजर आहे.

मुक्ताफळे: लोकहो, अ‍ॅरन्सनच्या जिगसॉमध्ये परीक्षा ज्याची त्याची! सामायिक मार्क नसतातच. धागा न वाचता प्रतिसाद द्यायची स्पर्धा आहे का?

रात्रपाळी: वाचलाय मी. चढ्या आवाजात बोलू नका. ज्याला तुकडा दिलाय तो आलाच नाही तर? किंवा चुकीचं सांगितलं तर माझे मार्क जाणार ना?

फळापुसा: मी सातवीला शिकवते. गैरहजेरीचा प्रश्न खरा आहे, एक तुकडा दोघांना द्यावा लागतो. चुकीचं सांगायची भीती कमी करायला एकाच तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, ती पायरी गाळली की बट्ट्याबोळ. माझ्या वर्गात एक मुलगी महिनोन्‌महिने तोंड उघडत नव्हती, तिला विचारायला बाकीची स्वतःहून जायला लागली. मार्क फारसे वाढले नाहीत, हेही सांगते.

तिरकीट: बघा, मार्क वाढले नाहीत! अलीकडच्या काही प्रयोगांतही तेच निघालंय.

मुक्ताफळे: पोस्ट पूर्वग्रहांबद्दल होती, मार्कांबद्दल नाही.

तिरकीट: बरं बाई, पोरं एकमेकांशी बोलायला लागतात एवढं दिलं. पावती पाठवू?

रात्रपाळी: आणि त्या टायवाल्याचं काय?