ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क: रोल्लापर्यंत गुडघे साथ देतील का?

वर्तकनगरची_चालणारी:
वय 54. दर रविवारी उपवनपासून येऊरला चालत जाते, पाटोणापाड्याला वळसा घालून परत. मे महिन्यात आम्ही दोघं कुल्लूकडच्या ग्रेट हिमालयन पार्कला जायचं म्हणतोय. ह्यांना मोनाल पक्षी बघायचाय, मला नुसतं चालायचंय. मुलगा म्हणतो, "आई, ते येऊर नाही." गुशैणी ते रोल्ला झेपेल का? आणि जीप सफारी नाहीच म्हणे?

नेरूळकर_भटक्या:
ताई, जीप कुठून येणार, आत रस्ताच नाही! सगळं पायी.

चंदीगडहून मनालीची रात्रीची बस घ्या आणि औटच्या बोगद्याआधी उतरा. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, मी झोपलो आणि थेट कुल्लूला जागा झालो. औटहून बंजार, पुढे गुशैणी. तिथून रोल्ला आठ-दहा किलोमीटर, तीर्थन नदीच्या कडेकडेनं. चढ एकदम अंगावर येत नाही. गुशैणी साधारण 1600 मीटरवर, रोल्ला 2100 च्या आसपास. हे तुम्हाला जमेल.

खरी गंमत पुढे. रोल्लापासून पार्कचा गाभा सुरू होतो, तिथून शिल्टची झोपडी जवळजवळ 3100 मीटरवर. म्हणजे एका दिवसात हजार मीटर खडा चढ, आणि मग तेवढंच उतरायचं. माझे गुडघे चढताना गप्प होते, उतरताना बोलायला लागले. येऊरचा डांबरी रस्ता ह्याला पुरत नाही. महिनाभर पाठीवर चार-पाच किलो घेऊन मामा-भाचे डोंगर चढा-उतरा. मी पारसिकच्या टेकडीवर तेच केलं होतं, पण जेमतेम दोन आठवडे. ते भोवलं.

परवाना आणि वाटाड्या गुशैणीच्या होमस्टेवाल्यांकडूनच ठरवा. मेमध्येही रात्री स्वेटर लागतो.

खारघर_पक्षीवेडी:
काकांना सांगा, मोनालसाठी शिल्टपर्यंत जावंच लागेल, तेही पहाटे. आणि एकट्या मोनालवर अडून बसू नका. त्या जंगलाचा खरा मान जुजुराणाला, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपॅनला. हिमाचलचा राज्यपक्षी 2007 पर्यंत मोनाल होता, आता हा आहे. तिकडचे लोक सांगतात, देवानं सगळ्या पक्ष्यांकडून एकेक पीस घेऊन ह्याला घडवलं. मला दिसला नाही. नुसता ऐकू आला, पहाटे, बकरीचं पिल्लू रडावं तसा. आमच्यातला एकजण मोबाइलवर गाणी लावून चालत होता, बाकीचं काय दिसणार होतं देव जाणे.

नेरूळकर_भटक्या:
गाणीवाला सगळ्या ग्रुपमध्ये असतोच का हो?

वर्तकनगरची_चालणारी:
आमच्या ग्रुपचा गाणीवाला म्हणजे आमचे हेच! जुन्या नाट्यगीतांशिवाय पाऊल उचलत नाहीत. त्यांना वरचा मजकूर वाचून दाखवला, तर म्हणाले, "पहाटे नाही लावणार." उद्यापासून मामा-भाचे. शिल्टचं रोल्लाला पोचल्यावर बघू.