मदत हवी आहे: बाबांना मोटोजीपीचा अख्खा सीझन मराठीतून समजावून सांगायचाय

म्हापसेकरीण:
नमस्कार मंडळी. माझे बाबा म्हापशात पायलट होते, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, विमानाचे नाही, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभे राहून मागच्या सीटवर भाडं नेणारे पायलट. कदंबा स्टँडवरून शिवोली, हणजूण, थिवी स्टेशन, पावसाळ्यात रेनकोट घालून, शुक्रवारच्या बाजाराला तर जेवायलाही घरी येत नसत. आता गुडघे पार गेलेत, गाडी बंद झाली आणि घरात बसून माणूस अगदी गप्प झाला होता. गेल्या सीझनच्या सुरुवातीला भावाने मोबाईल टीव्हीला जोडून मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक अजिंक्यपदाची, थायलंडमधली रेस लावली आणि तेव्हापासून बाबा शनिवार-रविवारची वाट बघतात. मला याचा किती आनंद झालाय ते लिहून सांगता येणार नाही.

अडचण अशी आहे की कॉमेंट्री सगळी इंग्रजीत आणि बाबा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. गाडीतलं त्यांना त्या कॉमेंटेटरच्या आधी कळतं, "हा आता पुढचं चाक घालवणार" असं म्हणतात आणि पुढच्या वळणावर तो खरंच पडतो. पण नियम कळत नाहीत आणि मलाही ते सांगता येत नाहीत, भाऊ आता बोटीवर गेलाय त्यामुळे विचारायला घरात कुणी नाही. त्यांचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत ते तसेच टाकते.

शनिवारची छोटी रेस आणि रविवारची मोठी, मग चॅम्पियन कशावरून ठरतो? कतारच्या रेसला विन्यालेस नावाचा रायडर दुसरा आला, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, आणि नंतर म्हणे चौदावा, हे कसं? बाबांना याचं फार वाईट वाटलं होतं, "घरी पोचल्यावर मागून चलन पाठवल्यासारखं झालं" म्हणाले. ब्रेक मारताना सगळे एक पाय बाहेर का सोडतात? ती गाडी अॅव्हरेज किती देते? (हा प्रश्न दर रेसला येतो.) आणि नवीन सीझनच्या रेस आपल्याकडे किती वाजता दिसणार, कारण त्यांची औषधं आणि जेवण त्याप्रमाणे लावायचंय.

कृपया सोप्या मराठीत सांगा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

वळणवाला, फोंडा:
ताई, बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. पॉइंटचं आधी सांगतो. रविवारी जिंकणाऱ्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, मग १३, ११, १० आणि तिथून एकेक कमी होत पंधराव्याला १. शनिवारची स्प्रिंट २०२३ पासून आली, अंतर निम्मं आणि पॉइंटही साधारण निम्मे, पहिल्याला १२, मग ९, ७, ६ असं नवव्यापर्यंत. म्हणजे दोन्ही जिंकला तर एका आठवड्याचे ३७. सगळ्या सीझनची बेरीज ज्याची जास्त तो चॅम्पियन, किती रेस जिंकल्या ते बघत नाहीत. २०२४ ला बान्याया रविवारच्या ११ रेस जिंकला आणि होर्हे मार्टिन फक्त ३, तरी चॅम्पियन मार्टिन, ५०८ विरुद्ध ४९८. बान्याया अधेमधे पडत राहिला आणि मार्टिन जवळजवळ दर वेळी पुढच्या दोघातिघांत येत राहिला. बाबांना हे लगेच पटेल, रोज भाडं सुखरूप पोचवणाराच पायलट टिकतो.

आता विन्यालेस. हा हवेचा मामला आहे. पुढच्या टायरमध्ये कमीत कमी किती हवा पाहिजे याचा नियम आहे, १.८ बार, म्हणजे आपल्या पंपावरच्या भाषेत साधारण २६. तुमच्या बाबांनी स्प्लेंडरमध्ये भरली असेल साधारण तेवढीच. गंमत अशी की गाडी दुसऱ्याच्या मागे चालली की समोरून थंड वारा लागत नाही, टायर तापतो, हवा फुगते आणि पकड जाते, म्हणून टीम मुद्दाम हवा थोडी कमी भरून पाठवते. पण रायडर पुढे निघून एकटाच पळाला तर टायर थंड राहतो आणि हवा मर्यादेच्या खाली जाते. रविवारच्या रेसमध्ये ६० टक्के लॅप (फेऱ्या) तरी हवा मर्यादेच्या वर पाहिजे, नाहीतर १६ सेकंद दंड, स्प्रिंटला ३० टक्के लॅप आणि ८ सेकंद. विन्यालेस त्या दिवशी मध्ये पुढे निघाला होता, हवा कमी भरली आणि १६ सेकंद वाढून चौदावा झाला. सेन्सर मोजतो, त्यामुळे निकाल नंतरच कळतो.

आणि बाबांनी जी पहिली रेस बघितली ना थायलंडची, त्यात हेच होतं! मार्क मार्केझ पुढे होता आणि मध्येच त्याने भावाला, अॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. बघणाऱ्यांना वाटलं गाडी बिघडली. त्याला डॅशबोर्डवर दिसलं होतं की हवा कमी आहे, म्हणून भावाच्या मागे राहून टायर तापवला आणि शेवटच्या तीन लॅप राहिल्या तेव्हा परत पुढे जाऊन जिंकला. माझ्या मते गेल्या सीझनची सगळ्यात हुशार रेस तीच. परत लावून दाखवा त्यांना, आता वेगळी दिसेल.

डिचोलीचा मेस्त्री:
गॅरेज आहे माझं त्यामुळे अॅव्हरेजचं मी सांगतो. टाकी २२ लिटर, त्याहून जास्त पेट्रोल नेता येत नाही आणि रेस साधारण ११०-१२० किलोमीटरची, म्हणजे लिटरला पाच-साडेपाच. बाबा कपाळावर हात मारतील, पण इंजिन १००० सीसी, चार सिलिंडर आणि गाडीचं वजन १५७ किलो म्हणजे रॉयल एनफिल्डपेक्षा कितीतरी हलकी, आणि २०२३ मध्ये मुजेलोला ब्रॅड बाइंडरने ३६६ चा स्पीड काढलाय. त्या मानाने पाच वाईट नाही.

पाय बाहेर सोडायचं इटलीचा जुना चॅम्पियन व्हॅलेंटिनो रॉसी याने सुरू केलं आणि मग सगळ्यांनी उचललं. रायडर सांगतात त्याने ब्रेकमध्ये तोल सावरतो, वळायला अंग आधीच त्या बाजूला झुकतं.

बाबांना एक गोष्ट नक्की सांगा. जुन्या सीडी हंड्रेडला आणि स्प्लेंडरला गिअर कसे पडायचे, सगळे खाली दाबून, हो ना? मोटोजीपीत बहुतेक रायडर तसंच करतात, वरचा गिअर टाकायचा तर खाली दाबायचं. बाकीच्या रस्त्यावरच्या गाड्यांना वर उचलावा लागतो, पण गाडी डावीकडे साठ अंशाच्या वर झुकलेली असताना पायाचा पंजा लिव्हरखाली घालायला जागाच उरत नाही, म्हणून उलटा. म्हणजे बाबांच्या पायाला जी सवय आहे ती मार्केझच्या पायालाही आहे. ब्रेक मात्र वेगळे, पुढे कार्बनच्या डिस्क, थंड असताना नीट धरतच नाहीत, तापल्या की मग बघायचं.

सासष्टीकर:
वेळा लिहून घ्या. युरोपातल्या रेस उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी ५.३० आणि शनिवारची स्प्रिंट ६.३० ला, म्हणजे चहा घेऊन बसायचं. तिकडे ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की रविवारची रेससुद्धा ६.३० ला. थायलंड दुपारी १.३०, मलेशिया आणि इंडोनेशिया १२.३०, जपान सकाळी १०.३०, ऑस्ट्रेलिया तर साडेआठलाच. कतार रात्री दिव्यांच्या उजेडात असते, आपल्याकडे जेवणं उरकल्यावर. अमेरिकेची मध्यरात्र उलटल्यावर आणि यंदा ब्राझील परत आलंय गोयानियाला ती पण रात्री उशिरा, या दोन त्यांना जागवून दाखवू नका, सकाळी रिप्ले लावा आणि तोपर्यंत त्यांच्यासमोर निकाल बोलू नका. आठवडाआधी मोटोजीपीच्या साइटवर वेळ एकदा तपासा, कधी तासभर इकडेतिकडे करतात.

आमच्या घरी ही रेस पोर्तुगालमुळे आली. माझे मावसभाऊ तिकडे आहेत, मिगेल ऑलिवेरा २०२० मध्ये स्टिरियाला जिंकला तेव्हा पहिला पोर्तुगीज विजेता म्हणून त्यांनी रात्री फोन करून आम्हाला उठवलं आणि त्याच नोव्हेंबरात तो घरच्या पोर्तिमाओला पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकला. आता तो सुपरबाईक नावाच्या वेगळ्या जागतिक स्पर्धेत बीएमडब्ल्यूवर गेलाय, आम्ही तीही बघतो.

म्हापसेकरीण:
देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्री सगळं वाचून दाखवलं. गिअरचं ऐकून बाबा खुर्चीतच पाय दाबून दाखवायला लागले, आईला हाक मारून सांगितलं, आणि मग स्टँडवरच्या त्यांच्या जुन्या सोबत्याला फोन लावला, तो पण आता रविवारी येणार म्हणतोय. थायलंडची रेस परत बघितली, मार्केझ मागे झाला तिथे "हवा, हवा!" करून ओरडले.

अजून दोन प्रश्न. एक, आपल्या देशाचं यात काहीच नाही का? दोन, ते विचारत होते की पाय नीट नसलेला माणूस ही गाडी चालवू शकतो का. हे त्यांनी जरा हळूच विचारलं, म्हणून मला नीट उत्तर हवंय.

वळणवाला, फोंडा:
दुसऱ्याचं आधी. मिक डूहान, ऑस्ट्रेलियाचा. १९९२ ला असेनला पडला आणि उजवा पाय इतका वाईट मोडला की कापायची वेळ आली होती. उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबता येईना म्हणून त्याच्यासाठी डाव्या हँडलला अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवला. त्यानंतर १९९४ ते १९९८ सलग पाच वर्षं ५०० सीसीचा चॅम्पियन. आणि तो अंगठ्याचा ब्रेक आता पाय धडधाकट असलेले रायडरसुद्धा वापरतात, कारण उजवीकडे झुकल्यावर पायाला जागा नसते. मार्केझचंही सांगा, २०२० ला हेरेसला उजवा हात मोडला, त्यावर चार ऑपरेशनं, आणि २०१९ नंतर थेट २०२५ ला परत चॅम्पियन, जपानमध्ये. त्यानंतर लगेच इंडोनेशियात खांदा दुखावला म्हणून बाबांना तो शेवटच्या रेसना दिसला नाही.

डिचोलीचा मेस्त्री:
देशाचं मी सांगतो. महिंद्राची टीम होती मोटो३ मध्ये, सगळ्यात छोट्या वर्गात. आणि बान्याया, जो पुढे २०२२ आणि २०२३ ला मोटोजीपी चॅम्पियन झाला, त्याने आयुष्यातली पहिली ग्रांप्री २०१६ ला असेनला जिंकली ती महिंद्रावर! महिंद्राचाही तो पहिलाच विजय. मला हे आठवलं की अजून छाती भरून येते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली होती, बेझेकी जिंकला, उकाडा असा की दुसरा आलेला मार्टिन रेस संपल्यावर उभा राहू शकत नव्हता. पुढच्या वर्षीची रद्द झाली आणि अजून परत आलेली नाही. यायला पाहिजे, मी काम बंद ठेवून जाणार.

म्हापसेकरीण:
डूहानचं वाचून दाखवल्यावर बाबांनी तो भाग परत वाचायला लावला. आता ते म्हणतात नवीन सीझनला प्रत्येकाचा नंबर पाठ करायचा, नावं लक्षात राहत नाहीत पण नंबर राहतात, स्टँडवर पण गाड्या नंबरवरूनच ओळखायचे. कुणी नंबर टाकाल का? मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी लावते.

सासष्टीकर:
घ्या. लाल डुकाटी: ९३ मार्क मार्केझ (चॅम्पियन असूनही १ नंबर घेत नाही), ६३ बान्याया. मार्केझचा भाऊ अॅलेक्स ७३, ग्रेसिनी टीमची निळी डुकाटी, ९३ आणि ७३ मध्ये गोंधळ होईल म्हणून रंग सांगून ठेवा. पिवळ्या टीमचा डि जियानान्तोनिओ ४९. एप्रिलिया: ७२ बेझेकी, ८९ मार्टिन. केटीएम: ३७ अकोस्टा, ३३ बाइंडर, आणि बाबांचा तो विन्यालेस १२, त्याचा जोडीदार बास्तियानिनी २३. यामाहा: २० क्वार्तारारो, त्यांचं इंजिन या वर्षी नवीन व्ही फोर, म्हणजे V आकारात चार सिलिंडरचं आहे. होंडा: ५ झार्को, हा गेल्या वर्षी फ्रान्सच्या ल मांला पावसात घरच्या लोकांसमोर जिंकला, बरेच जण गाड्या बदलायला पिटमध्ये आणि हा सुरुवातीपासून पावसाच्या टायरवर.

आणि ०७ लाल पेनने लिहा. टोपराक, तुर्कस्तानचा, तीन वेळा सुपरबाईक चॅम्पियन, यंदा यामाहावर मोटोजीपीत पहिल्यांदाच येतोय. ब्रेक मारताना मागचं चाक हवेत उचलून वळणात शिरतो. तुमच्या बाबांसारख्या माणसाने बघायचाच रायडर आहे तो.

म्हापसेकरीण:
लिहिलं सगळं. ०७ लाल पेनने. शनिवारी दुपारी १.३० ला थायलंडची स्प्रिंट आहे, बाबांनी जेवण बाराला मागितलंय. रेस झाल्यावर नवे प्रश्न घेऊन याच धाग्यावर येते.