मदत हवी आहे: जुन्या मासिकाच्या बांधीव खंडाचे रॉ फोटो आहेत, लहान पीडीएफ करू की डेजाव्हू?

ठाकूरद्वार_वाचक

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयात १९२०-३० च्या दशकातल्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. कागद तांबूस आणि ठिसूळ झालाय. स्कॅनरवर पालथा घालून दाबला तर शिवण उसवेल, म्हणून कॅमेऱ्याने फोटो काढायचं ठरलं. एका खंडाचं काम झालं आहे.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा (६००० × ४०००), ५० मिमी लेन्स, फाइली फक्त रॉ (सेन्सरवरची कच्ची नोंद). एका फोटोत समोरासमोरची दोन पानं. पान साडेपाच बाय साडेआठ इंच, मजकूर दोन रकान्यांत, मधूनमधून हाफटोन (बारीक ठिपक्यांनी छापलेली) चित्रं आणि जाहिराती. एकूण २१० फोटो, साधारण ६ जीबी. एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून पीडीएफ केली तर ती ४८० एमबीची झाली, शिवाय पानं पिवळट आणि मोठं करून पाहिलं की अक्षर फुटतं.

हवंय ते असं: पूर्ण खंड एका फाइलीत, ईमेलला जोडता येईल म्हणजे २५ एमबीच्या आत, आणि मराठीत शब्द शोधता यावा. विंडोज लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. कमांड लाइनचं वावडं नाही. खर्च मात्र शून्य.

खिळेजुळारी

फाइल कशात बांधायची हा प्रश्न शेवटी घ्या. आकार कमी होतो तो मुख्यतः पान खरोखर काळं-पांढरं, म्हणजे एक बिटाचं झाल्यामुळे. तुमच्या कन्व्हर्टरने कागदाचा पिवळेपणा, डाग, मागच्या पानाची शाई हे सगळं रंगीत जेपेग म्हणून इमानेइतबारे साठवलंय. त्या ४८० एमबीत मजकूर थोडा आणि कागदच जास्त आहे.

पहिला टप्पा रॉथेरपी, म्हणजे रॉ फोटो सुधारून बाहेर काढणारा मोफत प्रोग्रॅम. एक सरासरी पान उघडून सेटिंग ठरवा आणि तेच प्रोफाइल सगळ्या फोटोंना चिकटवा. ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा, नाहीतर चित्राच्या पानाला वेगळा उजेड आणि मजकुराच्या पानाला वेगळा. शार्पनिंग अगदी कमी, कारण अक्षराभोवती पांढरी कड उमटली की पुढे काळं-पांढरं करताना काठ दातेरी होतात. नॉइज रिडक्शन बंद. ब्लॅक अँड व्हाइटच्या चॅनल मिक्सरमध्ये लाल वाढवा, निळा शून्य करा. जुना कागद निळ्यात सर्वांत काळवंडलेला दिसतो आणि लालमध्ये जवळजवळ पांढरा. तांबूस डाग आणि वाचनालयाचा लाल शिक्का दोन्ही त्यात फिके पडतात. पण नुसता लालही घेऊ नका. सेन्सरवर चार बिंदूंमागे लाल एकच असतो, हिरवे दोन, त्यामुळे काठ मऊ येतात. ६० टक्के लाल, ४० टक्के हिरवा इथून सुरुवात करा.

मग टिफ (दर्जा न गमावणारी चित्र-फाइल) ८ बिटची काढा. एक फाइल ७२ एमबीची होईल, म्हणजे २१० फोटोंना १५ जीबी जागा मोकळी ठेवा. १६ बिटची केली तर दुप्पट जागा जाईल आणि पदरात काही पडणार नाही, कारण शेवटी उरणार एकच बिट.

आणखी एक. कॅमेरा सरळ खाली रोखलेला असला की आडवं-उभं ओळखणारा सेन्सर गोंधळतो, मग काही फोटो आपोआप फिरलेले निघतात. टिफ काढण्यापूर्वी लघुचित्रांवरून एक नजर फिरवा. पुढच्या खंडाला कॅमेऱ्यातलं ऑटो रोटेट बंदच करा.

दुसरा टप्पा स्कॅन टेलर, म्हणजे पानांचे फोटो साफसूफ करणारा मोफत प्रोग्रॅम, त्यातही अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती. ती रॉ उघडत नाही, म्हणून वरचा खटाटोप. पानं वेगळी करणं, तिरकेपणा काढणं, मजकुराची चौकट, समास आणि शेवटी आउटपुट, हे टप्पे क्रमाने येतात. आउटपुट ६०० डीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), काळं-पांढरं. चित्रांच्या पानांना ‘मिक्स्ड’, म्हणजे मजकूर काळा-पांढरा आणि चित्र छटांसकट.

सुरुवातीलाच तो डीपीआय विचारतो, तिथे ओके दाबून पुढे जाऊ नका. कॅमेऱ्याच्या फाइलीत लिहिलेला ७२ किंवा ३०० हा आकडा निरर्थक असतो.

ठाकूरद्वार_वाचक

खरा डीपीआय कसा काढायचा? पट्टी ठेवून फोटो काढलेला नाही. कॅमेऱ्याची उंची मात्र सगळ्या फोटोंना एकच होती.

खिळेजुळारी

पट्टी नसली तरी पान आहे ना. प्रत्यक्ष पानाची उंची मोजा, फोटोत तेवढ्या उंचीचे पिक्सेल मोजा आणि भागा. साडेआठ इंचाच्या पानाला साधारण ३५७० पिक्सेल आले तर ४२० डीपीआय. तुमच्या आकड्यांवरून त्याच्याच आसपास यावं. खंड जाड असेल तर पहिलं आणि शेवटचं पान लेन्सपासून वेगळ्या अंतरावर असतं, तेव्हा सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजा. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर सरासरी घ्या.

इथे ७२ राहू दिलं तर स्कॅन टेलरला पान चार फुटांचं वाटतं. मग ६०० डीपीआयला प्रचंड चित्र तयार होतं आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप मान टाकतो.

शिवणीकडचा बाक सरळ करायला ‘डीवॉर्पिंग’ आहे. स्वयंचलितवर विसंबू नका, हाताने करा. वरची आणि खालची निळी रेघ मजकुराच्या शिरोरेघेवर बसवायची. देवनागरीत ही सोय फुकटात मिळते, वापरून घ्या.

अनुच्चारित

वरचं सगळं बरोबर, पण स्कॅन टेलरमधलं ‘डीस्पेकल’ (बारीक ठिपके पुसण्याची सोय) आधी बंद करा. मराठीचा घात तिथे होतो.

१९६२ च्या लेखननियमांआधीचा मजकूर आहे: घरांत, लोकांनीं, पुस्तकें, कांहीं. एका ओळीत पाच-सहा अनुस्वार सहज असतात. छापलेल्या अनुस्वाराचा व्यास अर्धा मिलिमीटरही नसतो. ०.४ मिमी धरला तर ४२० डीपीआयला तो साडेसहा पिक्सेलांचा ठिपका आहे. शाई पुसट असेल तर त्याहून लहान. हा ठिपका धूळ की अनुस्वार, हे प्रोग्रॅमला कळायचा मार्ग नाही. डीस्पेकल मोठ्यावर ठेवलं तर पान सुरेख दिसतं आणि ‘त्यांनीं’चं ‘त्यानी’ झालेलं असतं. धुळीचे कण राहिले तरी चालतील.

थ्रेशोल्डचंही (किती गडद बिंदू काळा धरायचा ती सीमा) तसंच. फार काळ्याकडे नेला की ‘घ’ आणि ‘ध’ची तोंडं बुजतात, ‘ष’चं पोट भरतं. फार पांढऱ्याकडे नेला की रफार आणि वेलांटीची बारीक टोकं तुटतात. खिळ्यांच्या छपाईत दोन खिळ्यांमध्ये शिरोरेघ कधीकधी मुळातच तुटलेली असते, ती जोडायच्या नादी लागू नका. तपासायला खंडातलं सर्वांत पुसट पान आणि सर्वांत गडद पान घ्या. दोन्हींवर अनुस्वार दिसतात आणि ‘ध’ उघडा राहतो, असा आकडा सापडला की तो सगळ्यांना लावा.

फोर्टचा_फेरीवाला

बांधणीबद्दल लिहितो. माझं मत डेजाव्हूच्या बाजूने आहे. १९९६ पासून एटी अँड टी लॅब्जमध्ये हे स्वरूप घडलं तेच मुळी स्कॅन केलेल्या पानांसाठी. डेजाव्हूलिब्रे हा संच मोफत आहे. काळ्या-पांढऱ्या पानांना सीजेबी२, रंगीत मुखपृष्ठाला सी४४, आणि सगळी पानं एकत्र शिवायला डीजेव्हीएम. अनुक्रमणिका घालायला डेजाव्हूस्ड. अनेक पानांना एकच आकारकोश (अक्षराकृतींचा सामायिक साठा) वापरायचा तर सीजेबी२ ऐवजी मिनीडेजाव्हू, त्याने फाइल आणखी लहान होते.

सीजेबी२ मुळात काही न गाळता साठवतं, तसंच राहू द्या. ‘लॉसी’ पर्याय दिला की तो सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकमेकींच्या जागी बसवतो आणि बारीक ठिपकेही झाडून टाकतो, म्हणजे वर अनुच्चारित यांनी सांगितलेलाच घात. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही यंत्रांत स्कॅन केलेल्या कागदांतल्या ६ चे ८ झालेले आढळले, त्यामागे हीच युक्ती होती.

देवनागरीत या युक्तीचा फायदाही इंग्रजीइतका होत नाही. शिरोरेघेमुळे बहुधा अख्खा शब्द ही एकच आकृती ठरते, आणि तोच शब्द हुबेहूब त्याच ठशाने पुन्हा कितीदा येणार? त्यामुळे इंग्रजी पुस्तकांचे आकडे वाचून तितक्याच लहान फाइलीची अपेक्षा ठेवू नका.

खिळेजुळारी

डेजाव्हू तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण वाचनालयाचे सभासद फोनवर उघडणार. ब्राउझर ती फाइल उघडत नाही, वेगळं अ‍ॅप टाकायला सांगावं लागतं. इंटरनेट अर्काइव्हनेही २०१६ मध्ये नव्या डेजाव्हू फाइली बनवणं थांबवलं. विकिस्रोतावर (मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर) चढवायचं असेल तर जरूर करा, तिथे दोन्ही चालतात. वाटायला पीडीएफच.

मार्ग असा. स्कॅन टेलरच्या टिफ आयएमजी२पीडीएफ मधून एका फाइलीत घ्या. टिफ ग्रुप ४ पद्धतीने दाबलेल्या असतील तर तो त्या न उलगडता तशाच आत ठेवतो. मग ओसीआरमायपीडीएफ चालवा, भाषा मराठी; तो चित्रातली अक्षरं ओळखून (ओसीआर) शोधता येईल असा मजकूर पीडीएफमध्ये घालतो. त्यासाठी टेसरॅक्ट (अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) आणि त्याची मराठी डेटा फाइल लागते, ती विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीतून निवडावी लागते. जेबिग२ या आणखी घट्ट दाबणाऱ्या पद्धतीचा एन्कोडर बसवलेला असेल तर काळी-पांढरी चित्रं ओसीआरमायपीडीएफ आपणहून त्यात बदलतो, तेही काही न गाळता. मजकुराचं पान ग्रुप ४ मध्ये ५०-६० केबी, जेबिग२ मध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास.

ठाकूरद्वार_वाचक

करून पाहिलं. पीडीएफ ३८ एमबीची झाली. मजकुराची पानं ३० केबीच्या आसपासच आहेत, पण जाहिरातींची आणि फोटोंची काही पानं प्रत्येकी एक-दीड एमबी खातायत. दुसरं, ओसीआर होऊनही ‘घरात’ शोधलं तर काहीच सापडत नाही.

अनुच्चारित

दुसऱ्याचं उत्तर सोपं: छापलंय ‘घरांत’, तेव्हा शोधायचंही ‘घरांत’. नाहीतर नुसतं ‘घरा’ टाका. टेसरॅक्ट भ-म आणि ध-घ यांत चुकतो, म्हणून विशेषनामं शोधताना शब्दाचा खात्रीचा तुकडाच टाकावा. दोन रकाने आहेत, तर एखाद्या पानाचा मजकूर निवडून कुठेतरी चिकटवून पाहा. डाव्या रकान्याची ओळ संपून उजव्यात उडी मारत असेल तर त्या पानांना पान-विभागणीचा पर्याय बदलून पुन्हा ओसीआर करावं लागेल.

फोर्टचा_फेरीवाला

पहिल्याचं कारण हाफटोन. ती चित्रं ठिपक्यांची असतात आणि एक बिटात प्रत्येक ठिपका ही स्वतंत्र आकृती होते. एका फोटोत असे हजारो. डेजाव्हू असो वा जेबिग२, दोघांनाही तिथे घाम फुटतो.

त्या पानांना स्कॅन टेलरमध्ये मिक्स्ड निवडा आणि चित्राची चौकट हाताने आखा. आपोआप आखलेली चौकट बहुधा मथळ्याचं अर्धं अक्षर गिळते. मिक्स्ड पानाचा आउटपुट ६०० ऐवजी ३०० डीपीआय ठेवा आणि पीडीएफ करण्याआधी ती पानं ग्रे जेपेग करा, दर्जा ६० ते ७०. चित्रावर आधी हलका ब्लर दिला तर जाळीचे ठिपके विरतात, मोआरे (जाळीमुळे उमटणारे लाटांसारखे) पट्टे येत नाहीत आणि जेपेगही लहान होतो. नुसत्या रेघांच्या जाहिरातींना यातलं काही नको, त्या काळ्या-पांढऱ्यातच ठेवा.

एवढ्याने २५ च्या खाली यायला हरकत नाही. नाहीच आली तर वर्षाचा खंड सहा-सहा अंकांत तोडा. आहे त्या पानांचा दर्जा मारू नका.

खिळेजुळारी

पुढच्या खंडाचे फोटो काढताना चार गोष्टी पाहा, निम्मं काम तिथेच वाचेल.

पानाच्या जागी लहान आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं तर कॅमेरा आणि पान समांतर आहेत. दिवे दोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून, लोहार चाळीत मिळणारे साधे एलईडी पुरतात. पण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, म्हणून शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवा. नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतील. आयएसओ १००, एफ ८, हाताने फोकस, दोन सेकंदांचा टायमर. पानाच्या मागे काळा कागद सरकवला की पलीकडची छपाई डोकावत नाही. आणि पंखा बंद, मे महिना असला तरी.

शेवटी त्याच उजेडात एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या. रॉथेरपीच्या फ्लॅट-फील्डमध्ये तो दिला की कोपऱ्यांतला काळोख सगळ्या पानांवरून एकदम निघतो.

अनुच्चारित

विकिस्रोताचा विषय निघालाय म्हणून: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. मासिकात एका अंकात दहा लेखक असतात, तेव्हा खंड जुना आहे एवढ्याने भागत नाही. निनावी लेखांना प्रकाशनापासून ६० वर्षं. टोपणनाव असेल आणि खरा लेखक माहीत नसेल तरी तेच. अनुक्रमणिकेवरून यादी करून लेखकांची मृत्युवर्षं तपासा, मगच चढवा.