आईचा संधिवात: अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी परत करायची का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड. सकाळी बोटं आखडायची ते बरंच कमी झालं, रक्तातलं सीआरपीही (शरीरातली सूज दाखवणारं) उतरलं. पण अँटी-सीसीपी अजून वरच, म्हणून मामा म्हणतात औषध लागूच पडत नाही! मी वाचलं ते असं, की ही चाचणी निदानाला कामाची. औषधाचा गुण सुजलेले-दुखरे सांधे आणि ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांवरून बघतात. डीएएस-२८ मध्ये (आजाराचा जोर मोजायची पद्धत) तर २८ सांधे तपासतात. तुमचे डॉक्टर अँटी-सीसीपी परत करायला सांगतात का? आणि नागपुरात, शक्यतो धंतोली-रामदासपेठेकडे, सांधे नीट चाचपून बघणारे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट कोण? औषध बंद करणार नाही, हे मामांना सांगून झालंय.