अबू सालेमला २५ वर्षांनी सोडावंच लागणार? पोर्तुगालला दिलेल्या शब्दाचा घोळ समजावा कुणीतरी

गिरगावचा_बंड्या
काल जेवताना काकांशी जुंपली. काका १२ मार्च १९९३ ला, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी, सेंच्युरी बाजारजवळ बेस्टच्या बसमध्ये होते, वाचले, पण डाव्या कानाने तेव्हापासून जेमतेम ऐकू येतं. त्यांचं म्हणणं, २५७ माणसं गेली आणि त्या केसमधल्या माणसाला आपलंच सरकार २५ वर्षांनी सोडणार, कुठल्या तरी परक्या देशाला शब्द दिलाय म्हणून, हा काय प्रकार. मला उत्तर देता आलं नाही. कोर्टाने जन्मठेप दिलीय ना मग २५ वर्षं आली कुठून? आणि रेड कॉर्नर नोटीस असताना पोर्तुगालने नुसता पकडून का नाही दिला?

कोर्टाचा_कट्टा
आधी नोटिशीचं. ते अटक वॉरंट नाहीच. इंटरपोलकडे स्वतःचे पोलीस नसतात दार ठोठवायला, ती फक्त सगळ्या देशांना दिलेली खबर, की हा माणूस आम्हाला हवाय, दिसला तर बघा. पुढे काय करायचं ते तो देश आपल्या कायद्याने ठरवतो.
सालेम २००२ च्या सप्टेंबरमध्ये लिस्बनला सापडला तेव्हा आपला पोर्तुगालशी प्रत्यार्पण करारच (एकमेकांचे आरोपी ताब्यात द्यायचा) नव्हता, तो झाला २००७ ला. म्हणून बॉम्बस्फोटांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मागणी केली. आता पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही, जास्तीत जास्त २५ वर्षं. ते म्हणाले तुमच्याकडे फाशी होणार असेल तर माणूस देत नाही. मग डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान अडवाणी यांनी लेखी हमी दिली, फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. तरी हातात यायला नोव्हेंबर २००५ उजाडला. ती हमी दिली नसती तर तो आलाच नसता, काकांना एवढंच सांग.

पाणीपुरी_विदाउट_पाणी
म्हणजे मुंबईच्या आरोपीला शिक्षा किती हे लिस्बनने ठरवायचं 😂 त्याच खटल्यात २०१७ ला दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि ह्याला जन्मठेप, का तर हा युरोपात लपायला गेला होता. बाकीच्यांनी पण तिकीट काढायला पाहिजे होतं.

कोर्टाचा_कट्टा
चीड येते मान्य. पण शब्द मोडायला गेलं की काय होतं ते पण बघ. इथे आणल्यावर त्याच्यावर जादा कलमं लावली, ज्यांचा मूळ मागणीत उल्लेखच नव्हता. तो गेला लिस्बनच्या कोर्टात आणि २०११ ला त्या कोर्टाने प्रत्यार्पणच रद्द ठरवलं! शेवटी २०१३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने ती कलमं मागे घ्यावी लागली.
आणि कोर्टाची जन्मठेप तशीच आहे हां, कोर्टावर ती हमी बंधनकारक नाही, सरकारवर आहे. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २५ वर्षं भरली की सरकारने राष्ट्रपतींना सल्ला द्यायचा आणि सोडायचा. तो म्हणत होता २००२ पासून मोजा, कोर्टाने नाही ऐकलं, तिथली आधीची कैद तिथल्याच खोट्या पासपोर्टच्या केसची होती. ती संपली त्या १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजायचं, म्हणजे २०३०.

लंडनची_मावशी
इथून एक. तिथे निदान माणूस मिळाला, आमच्याकडचं बघा. ड्रग्जवाला इक्बाल मिरची, त्याला भारताने मागितला, १९९५ ला इथल्या कोर्टाने नाही म्हटलं, तो २०१३ मध्ये लंडनमध्येच मेला, आरामात. इथला जज पहिल्यांदा तुमचे कागद बघतो, मग तुमचा तुरुंग. मल्ल्याच्या वेळी आर्थर रोडच्या बराक नंबर १२ चा व्हिडिओ मागवला होता, उजेड येतो का, हवा खेळते का बघायला. आपल्याकडे हसले लोक. पण कागद कच्चे आणि तुरुंग कोंदट असले तर फायदा शेवटी त्या आरोपीलाच होतो ना.

पाणीपुरी_विदाउट_पाणी
बराकीचा व्हिडिओ 😂 आमच्या चाळीचा पण काढा कोणीतरी, उजेड येतो का बघायला.
मग दुबईवाले बरे, दाऊदचा भाऊ इक्बाल कासकरला २००३ मध्ये सरळ विमानात बसवून पाठवला.

कोर्टाचा_कट्टा
ते डिपोर्ट करणं, प्रत्यार्पण नव्हे. त्यात तो देश म्हणतो हा माणूस आम्हाला इथे नको, चालता हो. लांबलचक सुनावणी नाही. पण ते त्यांच्या मर्जीवर, उद्या मर्जी फिरली की बसा हात चोळत.

गिरगावचा_बंड्या
काकांना सगळं वाचून दाखवलं, उजव्या बाजूला बसून. २०३० म्हटल्यावर बोटं मोजली आणि म्हणाले मी तेव्हा ८१ चा. हमीचं त्यांना पटलं नाही पण २०११ चं ऐकून गप्प झाले. मग विचारतात त्या मिरचीच्या वरळीतल्या जागांचं काय झालं, आम्ही रोज त्यावरून जायचो.

लंडनची_मावशी
ईडीने टाच आणली २०१९ मध्ये. तो जाऊन सहा वर्षं झाल्यावर.

गिरगावचा_बंड्या
सांगतो. तुम्हीच तयारी ठेवा, ते परत काहीतरी विचारणार.