व्यवसाय कर: समाजाचं देणं की पगारदाराच्या खिशाला चाट?

पगारी माणूस

फेब्रुवारीच्या पगारात राज्य सरकारचा व्यवसाय कर 200 ऐवजी 300 कापला गेला, म्हणून ऑफिसातल्या नव्या पोरांनी एचआरला मेल टाकले. उत्तर साधं आहे. अकरा महिने 200 आणि एक महिना 300, असे वर्षाचे 2500 होतात. घटनेच्या कलम 276 नुसार या कराची वार्षिक कमाल मर्यादाच तेवढी आहे. आधी ती 250 होती, 1988 च्या घटनादुरुस्तीने 2500 झाली, आणि तिथेच थांबली.

माझा आक्षेप रकमेवर नाही. आयकर भरतो, जीएसटी भरतो, पेट्रोलवर भरतो, घरपट्टी भरतो. त्यात हा महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्याने आलेला कर, आणि कारण काय, तर रोजगार हमी योजनेला पैसा हवा. योजनेला विरोध नाही. पण वीस एकर द्राक्षबागेच्या मालकाच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि त्याच्या शेताकडे जाणारा या योजनेतला रस्ता माझ्या पगारातून? नोएडाला बदली झालेल्या मित्राच्या स्लिपवर हा रकाना नाही, कारण उत्तर प्रदेशात हा करच नाही. समाजाचं देणं मान्य. ते ज्यांचा पगार सरकारला आयता दिसतो त्यांनीच का फेडायचं?

मुकादमाचा नातू

"त्यांनीच" हा शब्द मागे घ्या. 1975 नंतर रोजगार हमी योजनेसाठी (रोहयो) जो पैसा उभा केला त्यात व्यवसाय कर मोठा होता, एकटा नव्हता. बागायती जमिनीवर उपकर होता, जमीन महसुलावर वाढीव आकारणी होती, मोटार वाहन कर आणि विक्रीकरात वाढ होती, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर होता. या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या बाजूने घालायची, अशी रचना होती. म्हणजे द्राक्षबागवाल्यालाही पकडलं होतं. त्याच्याकडून वसुली किती झाली हा प्रश्न विचारा, तो रास्त आहे.

आता हे कशातून आलं ते. आमचे आजोबा 72 च्या दुष्काळात मुकादम होते. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, माती वाहायची, संध्याकाळी हजेरीपटावर अंगठा. कामावरच्या बायापोरांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. त्यातले कित्येक चार-पाच एकरांचे मालक होते, नुसते मजूर नव्हते.

वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी 1965 मध्येच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम द्यायचा प्रयोग करून पाहिला होता. म्हणणं एवढंच: सरकारने दया म्हणून काम काढू नये, माणसाने मागितलं की ते त्याला मिळालंच पाहिजे. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा एकमताने केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. केंद्राला असा कायदा करायला 2005 उजाडलं. त्यात शहराचा स्वार्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. गावात काम मिळालं नसतं तर ती माणसं दादरच्या फुटपाथवर आली असती. पण स्वार्थातून चांगला कायदा झाला तर माझी हरकत नाही.

कोरडवाहू

दोघेही शहरातून बोलताय असं वाटतं.

रोहयोतून काय झालं? पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. पाझर तलावाचं पाणी कुणाच्या विहिरीला उतरलं? ज्याची खाली जमीन होती त्याच्या. ज्याने माती वाहिली त्याच्याकडे विहीर नव्हती, जमीनही नव्हती. त्याला मजुरी मिळाली, तीही कामाचं माप घेऊन. 1990 नंतर रोहयोतून फळबागा आल्या. चांगली योजना. आमच्याकडे डाळिंब त्यातूनच वाढलं. पण खड्डा खणायला का होईना, आधी जमीन लागते. भूमिहीन तिथेही मजूरच राहिला. तेव्हा पगारीभाऊ, तुमच्या पैशाने बागाईतदाराचं भलं झालं हे अर्धं खरं आहे, पण त्यात नाडला गेला तो तुमच्याआधी भूमिहीन.

दुसरं. कर फक्त स्लिपवरच कापला जातो असं कुणी सांगितलं? ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, 8 डिसेंबरला निर्यातच बंद केली, ती मे 2024 मध्ये उठवली. कशासाठी, तर शहरात कांदा स्वस्त राहावा. लासलगावला त्या महिन्यांत जो भाव पडला, ती शेतकऱ्याकडून झालेली वसुलीच होती. तिची पावती मिळत नाही, आणि ती उत्पन्न बघूनही होत नाही. अर्धा एकरवाल्याचीही होते.

पगारी माणूस

कांद्याचं मान्य. पण ते केंद्राचं धोरण, माझा प्रश्न राज्याच्या कराचा आहे.

आणि नातू, 2005 च्या केंद्रीय कायद्यानंतर 100 दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी पूर्ण केंद्राने आणि साहित्याच्या खर्चातला तीन चतुर्थांशही केंद्राने द्यायचा, असं ठरलं. म्हणजे ज्या ओझ्यासाठी हा कर आला ते बरंचसं दिल्लीने उचललं. कर मात्र जसाच्या तसा. एकदा लावलेला कर जात नाही, फक्त त्याचं कारण बदलतं. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार लावला होता, आठवतोय का?

वकीलकाका

धागाकर्त्या पगारी माणसाचा मूळ गोंधळ हा की कर म्हणजे भाडं आहे आणि त्याबदल्यात खोली मिळाली पाहिजे. बदल्यात काही मिळतं ते शुल्कात. करात तसा हक्क नसतो. शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेने राज्यांना दिलाय. तो वापरायचा नाही असं तुम्हीच निवडून दिलेल्यांनी ठरवलंय. भांडण शेतकऱ्याशी नाही, विधानसभेशी आहे.

पगारी माणूस

हक्क नाही हे ठाऊक आहे काका. न्याय्य आहे का, हे विचारलं. कायदेशीर आणि न्याय्य यांत फरक नसता तर तुमचा धंदा बसला असता.

सीए_ताई

सगळे शहर विरुद्ध गाव खेळताय. खरा अन्याय याच कराच्या तक्त्यात आहे आणि रोज मी तो भरून देते.

पुरुषाला महिना 7500 पर्यंत माफ, 10,000 पर्यंत महिना 175 रुपये, त्यावर सरसकट वर्षाला 2500. 12,000 पगाराचा वॉचमन वर्षाला 1,44,000 कमावतो, त्यातले पावणेदोन टक्के गेले. महिना दोन लाखवाल्याचे एक दशांश टक्का. स्वतःचा व्यवसाय असेल तर चहाच्या दुकानालाही 2500 आणि नामांकित सर्जनलाही 2500. एप्रिल 2023 पासून बायकांना 25,000 पर्यंत माफी आहे, चांगलं झालं, पण शेजारच्या टेबलावरचा 22,000 वाला मुलगा भरतोच. आणि आता नव्या रचनेत 12 लाखांपर्यंत आयकर शून्य. महिना लाखवाल्याला केंद्र म्हणतं तुझ्याकडून आयकर नको; महिना 12,000 वाल्याला राज्य म्हणतं 2500 ठेव. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावं, एवढी साधी गोष्ट इथे उलटी झालीय.

25,000 पर्यंत सगळ्यांना माफ करा आणि वर टप्पे लावा. पण 2500 च्या वर जायचं तर घटनादुरुस्ती लागते, आणि ती मागणी कुणी पगारदार संघटना करेल असं मला वाटत नाही.

मुकादमाचा नातू

ताई, सहमत. मुद्दा नेमका पकडलात.

पगारीभाऊंना एक सांगायचं राहिलं. दिल्लीने ओझं उचललं म्हणता, पण 100 दिवसांपुढचं काम आपल्या राज्याच्या कायद्यात होतं आणि त्याचा खर्च राज्याचाच. शिवाय मजुरी वेळेवर येते का ते बघा. 2024-25 मध्ये आपल्याकडे दर 297 रुपये रोज होता. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर भरपाई होती दिवसाला 0.05 टक्के, म्हणजे 297 वर 15 पैसे. तुमच्या पगाराला एक दिवस उशीर झाला तर एचआरला किती मेल जातात?

शहापूरकर

मुंबईकरांसाठी. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी आमच्या भागातून तुमच्या नळाला जातं. आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. कुणी कुणाला पोसतंय हा हिशोब करायचाच असेल तर पाण्यापासून सुरुवात करा. 2500 रुपये त्यात कुठे दिसणारही नाहीत.

पगारी माणूस

टँकरचं बिलही कुठल्यातरी करातूनच जातं, आणि तरी पाड्यावर नळ येत नाही. माझा मुद्दा हाच आहे. ताईंचे टप्पे मला मान्य आहेत, माझे 2500 चे 10,000 झाले तरी. अट एकच: व्यवसाय कर किती जमला आणि त्यातला किती रोजगार हमीवर गेला, हे दरवर्षी जिल्हावार छापा.

कोरडवाहू

आणि तो हिशोब छापून येईपर्यंत कामावरच्या बाईने काय करायचं?

पगारी माणूस

तोवर मी भरतोच आहे की. बंद करतो असं कुठे म्हटलं?