मदत हवी आहे : जुन्या ‘रणांगण’ची बांधणी पुण्यात कोण करून देईल?

नमस्कार मंडळी,

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) माझी अत्यंत आवडती कादंबरी. ती माझ्या हातात दिली ऑफिसातल्या अण्णांनी. ते यंदा गेले. कादंबरीच्या नायिकेबद्दल ते ‘हॅर्टा कळायला दुसऱ्यांदा वाचावी लागते,’ असं म्हणायचे. मला तर नायक चक्रधर अजूनही पुरता कळलेला नाही. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली एक बोट, नाझींपायी परागंदा झालेले ज्यू आणि त्यांच्यात हा प्रेमात पोळलेला मराठी माणूस. एवढ्याशा पुस्तकात केवढं मावलंय!

वहिनींनी अण्णांची प्रत मला दिली आहे. कणा उसवलाय, कागद पिवळा पडून कडांना तुटतोय. पण समासात अण्णांच्या पेन्सिलीच्या बारीक नोंदी आहेत, कुठे कुठे बेडेकरांशी चक्क भांडण! अप्पा बळवंत चौकाजवळ एकाला दाखवलं, तर तो म्हणाला, बाइंडिंगनंतर तिन्ही बाजूंनी कटिंग करावंच लागेल. म्हणजे नोंदी गेल्याच. लॅमिनेशन तर नकोच.

कडा न कापता, हाताने जुजबंदी (घडीच्या पानांचे जुडगे दोऱ्याने शिवणं) करून देणारं कोणी माहीत आहे का? भांडारकर संस्थेत हस्तलिखितांचं जतन होतं, पण खासगी छापील पुस्तकासाठी तिथे कोणी मार्गदर्शन करेल का? आणि बांधणीआधी पानं स्कॅन करावीत, की त्यात ती आणखी तुटतील?

पेठांमधलं कोणी असेल तर उत्तमच, पण हडपसर-निगडीपर्यंतही जाईन.